कुमार फँटसीतली तलवारबाजी: खेळाचे नियम आणि दरबारी कारस्थान यांची सांगड कशी घालावी?

कोरा_कागद

कुमारवयीन वाचकांसाठी एका फँटसी कादंबरीचा आराखडा केलाय. काल्पनिक राज्य, आजारी राजा आणि दर पाच वर्षांनी भरणारी तलवारबाजीची स्पर्धा. जिंकणाऱ्याकडे राजाच्या अंगरक्षक दलाचं प्रमुखपद जातं. नायिका सोळा वर्षांची, सरदार घराण्यातली नाही. युवराज, त्याचा चुलता आणि राणी असे तीन गट स्पर्धा आपापल्या बाजूनं वळवू पाहतात. राज्यात वीज नाही, जादू थोडीशी आहे. लढती जिवावरच्या नाहीत, आजच्या फेन्सिंगसारख्या गुणांवर ठरतात.

विचारायचंय ते असं: फेन्सिंगच्या फॉइल, इपी, सेबर या तीन तलवारींपैकी कशाच्या धर्तीवर खेळ रचू? विजेशिवाय गुण कसे मोजत असतील? पात्याला विष लावणं सोडून दुसरं कोणतं कारस्थान शक्य आहे? आणि सोळा वर्षांची मुलगी थोरामोठ्यांना हरवते हे पटेल का? मापं, नियम, साधनं जितकी नेमकी सांगाल तितकं बरं.

पिस्टवरचा_पंच

इपी घ्या. कारण आधी मापांतून सांगतो.

फॉइल जास्तीत जास्त ५०० ग्रॅम, एकूण लांबी ११० सेंमी, त्यातलं पातं ९० सेंमी. फक्त टोकानं मारायचं आणि तेही धडावरच. सेबरचं कमाल वजन तेवढंच, लांबी १०५, पातं ८८ सेंमी. त्यात धारेनंही वार चालतो. कमरेच्या वरचं सगळं, डोकं आणि बाह्या धरून, पण पंजा नाही. इपी ७७० ग्रॅमपर्यंत, लांबी फॉइलइतकीच, वार टोकानंच, मात्र मास्कपासून बुटाच्या टोकापर्यंत कुठेही.

खरा फरक पुढेच आहे. फॉइल आणि सेबरमध्ये दोघांचे वार एकाच वेळी लागले तर गुण एकालाच मिळतो, ज्याचा हल्ला आधी सुरू झाला त्याला. समोरच्यानं तो हल्ला आधी अडवायचा (पॅरी) आणि मग उलटवार (रिपोस्ट) करायचा, तेव्हा गुणाचा हक्क त्याच्याकडे येतो. हक्क कोणाचा हे पंच ठरवतो. ज्यानं हा खेळ कधी पाहिला नाही त्या वाचकाला दोन्ही वार लागलेले दिसतात आणि गुण एकालाच का, हे दर वेळी समजावत बसावं लागतं. इपीत ही भानगड नाही. ज्याचा वार आधी लागला त्याचा गुण. दोन वारांमधलं अंतर सेकंदाच्या पंचविसाव्या भागापेक्षा कमी असेल तर दोघांनाही गुण. पंधरा वर्षांच्या वाचकाला हे एका वाक्यात कळतं.

मैदान, म्हणजे पिस्ट, १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद. मध्यरेषेपासून दोन्हीकडे दोन-दोन मीटरवर सुरुवातीच्या रेषा. शेवटचे दोन मीटर वेगळ्या रंगाचे, म्हणजे मागे सरकणाऱ्याला आपण कडेला आल्याचं कळतं. दोन्ही पाय मागच्या रेषेबाहेर गेले की समोरच्याला गुण. गटातली लढत ५ गुणांची किंवा ३ मिनिटांची. बाद फेरी १५ गुणांची, ३ मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती. घड्याळ फक्त प्रत्यक्ष खेळ चालू असताना चालतं, त्यामुळे नऊ मिनिटांची लढत सहज वीस मिनिटं रेंगाळते. वीस मिनिटांत प्रेक्षागृहात बरंच काही घडवता येईल.

दुसरी_पॅरी

इपी सोपा हे मान्य, पण राज्यात वीज नाही हे पंचांच्या नजरेतून सुटलं. दोन टोकांपैकी आधी कोणतं लागलं हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं जवळजवळ अशक्य. म्हणून तर वार नोंदवणारं विजेचं यंत्र सगळ्यांत आधी इपीला लागलं, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला. फॉइलला ऑलिंपिकमध्ये ते आलं १९५६ साली आणि सेबरला थेट १९९२ साली. डोळ्यांनी निकाल द्यायचा तर ‘आधी कोण लागला’ यापेक्षा ‘हल्ला कोणी सुरू केला’ हे पाहणं सोपं.

शिवाय तुम्हाला कारस्थान हवंय ना? मग पंचाच्या हातात निर्णय असलेलं शस्त्रच हवं. हक्क ठरवणारा पंच विकत घेता येतो, इपीतला दुहेरी वार विकत घेता येत नाही.

यंत्राआधीची पंचमंडळाची पद्धत तर कादंबरीसाठी आयती आहे. मुख्य पंच एक आणि बाजूचे पंच चार. प्रत्येक खेळाडूच्या मागे, डाव्या-उजव्या अंगाला, दोन पंच उभे. ते आपल्या शेजारच्या खेळाडूकडे नाही, समोरच्याच्या अंगाकडे बघतात. म्हणजे नायिकेला वार लागला की नाही हे प्रतिस्पर्ध्याच्या बाजूचे दोघं सांगतात. ‘हो’, ‘नाही’, ‘लागला पण ग्राह्य जागेबाहेर’ किंवा ‘दिसलं नाही’. बाजूच्या पंचाचं एक मत, मुख्य पंचाची दीड मतं.

आता गणित बघा. दोघं बाजूचे पंच एकमत झाले तर २ विरुद्ध दीड, मुख्य पंच हतबल. एक ‘हो’, एक ‘नाही’ म्हणाला तर मुख्य पंच म्हणेल ते. एकानं ‘दिसलं नाही’ म्हटलं तर दुसऱ्याचं एक मत मुख्य पंचाच्या दीड मतांपुढे पडतं. म्हणजे चुलत्यानं मुख्य पंच फोडला, तरी दोन प्रामाणिक पंच त्याला अडवू शकतात. पण मुख्य पंच आणि प्रत्येक बाजूचा फक्त एक घाबरट पंच पुरेसा आहे. त्या घाबरटानं खोटं बोलायचीही गरज नाही. ‘मला दिसलं नाही’ एवढंच म्हणायचं. शपथेवर विचारलं तरी कोण सिद्ध करणार?

आणखी एक: बाजूचे पंच फक्त वार लागला की नाही यावर मत देतात. हक्क कोणाचा, हे मुख्य पंच एकटा ठरवतो, त्यावर मतदान नाही. फॉइलच्या धर्तीचा खेळ घेतला तर दोन्ही ठिकाणी पाचर मारायची सोय.

पिस्टवरचा_पंच

मतांचं गणित झकास. फक्त एक भर. प्रेक्षकांतले जाणकार मूर्ख नसतात. दर वेळी एकाच बाजूला झुकणारा पंच तिसऱ्या गुणाला ओळखू येतो. फोडलेला पंच हुशार असेल तर तो सुरुवातीचे स्पष्ट गुण बिनबोभाट नायिकेला देईल आणि १३-१३ च्या पुढे एकच संशयास्पद गुण फिरवेल. पहिल्या गुणापासून अन्याय दाखवलात तर खलनायक बावळट ठरतो.

जुनी_बखर

विष नको म्हणालात हे बरं केलंत. खऱ्या इतिहासात राजांच्या समोरच्या लढती नियमांच्या कलमांवरून फिरल्यात. फ्रान्सची तीन उदाहरणं देते. तिन्हींत खेळ आणि दरबार यांचा गुंता आहे.

पहिलं, १० जुलै १५४७, सँ-जर्मँ-आं-ले. जार्नाक विरुद्ध ला शातेन्यरे. जार्नाकची बदनामी करणारी कंडी मुळात युवराज आंरीकडून पसरली होती. युवराजाला द्वंद्वात उतरता येईना, म्हणून त्याचा मित्र ला शातेन्यरे यानं ‘मीच ते बोललो’ असं अंगावर घेतलं. तेव्हाचा राजा फ्रान्स्वा पहिला जिवंत असेपर्यंत परवानगी मिळाली नाही. तो मार्चमध्ये वारला, आंरी राजा झाला आणि त्यानं परवानगी दिली. आता गंमत अशी की शस्त्र निवडायचा हक्क आव्हान स्वीकारणाऱ्याचा. ला शातेन्यरे कुस्तीत पटाईत, त्याची मिठी बसली तर संपलंच. म्हणून जार्नाकनं अशी अवजड शस्त्रसामग्री मागितली की ती चढवलेल्या हातानं धरपकड करणंच अवघड व्हावं. सामग्रीच्या यादीवरून तास न् तास वाद झाला. प्रत्यक्ष लढतीत जार्नाकनं गुडघ्यामागच्या शिरेवर वार केला आणि ला शातेन्यरे कोसळला. जार्नाकनं त्याला मारलं नाही; राजाकडे जाऊन ‘माझी अब्रू मला परत द्या’ अशी विनंती पुन्हा पुन्हा केली. आपला माणूस हरलाय हे राजाच्या पचनी पडेना, लढत थांबवायला त्यानं वेळ लावला. ला शातेन्यरेनं अपमानापोटी जखमेच्या पट्ट्या फाडल्या आणि तो मेला.

तुमच्या युवराजासाठी हे सगळं उचलण्यासारखं आहे: स्वतः पसरवलेली अफवा, ती अंगावर घेणारा मित्र, सामग्रीच्या यादीत लपवलेला डाव, आणि लढत थांबवण्याचा अधिकार असूनही गप्प बसणारा राजा.

दुसरं त्याच आंरीचं. ३० जून १५५९, पॅरिस. मुलीचं लग्न स्पेनच्या राजाशी, बहिणीचं सॅव्हॉयच्या ड्यूकशी, त्या आनंदात भाल्यांच्या घोडेस्वारी लढती. राजा स्वतः खेळत होता. समोरच्या मॉन्टगोमेरीचा भाला मोडला आणि त्याची ढलपी राजाच्या शिरस्त्राणाच्या फटीतून डोळ्यात शिरली. आंब्र्वाझ पारे आणि व्हेसालियस यांच्यासारखे वैद्य आणूनही राजा १० जुलैला गेला, जार्नाकच्या लढतीच्याच तारखेला. पंधरा वर्षांचा फ्रान्स्वा दुसरा गादीवर आला आणि सत्ता त्याच्या बायकोच्या मामांकडे, गीझ घराण्याकडे गेली. बायको म्हणजे स्कॉटलंडची राणी मेरी. कट नव्हता, निव्वळ अपघात. तरी एका ढलपीनं घराण्यांचा तोल बदलला. आंरी जिथे गेला तो सगळा वाडा त्याच्या विधवेनं पाडून टाकला. पुढे त्या जागी चौक झाला, आणि १६२७ मध्ये द्वंद्वबंदीचा हुकूम धाब्यावर बसवून बूतव्हिल नावाचा सरदार मुद्दाम त्याच चौकात लढला. राजाचा मुख्यमंत्री रिशल्यू याच्या कारभारात त्याचं डोकं उडवलं गेलं.

तिसरं तुमच्या नायिकेसाठी. ९ एप्रिल १७८७, लंडनचं कार्लटन हाउस, समोर प्रिन्स ऑफ वेल्स. एकीकडे शेव्हालिए द सँ-जॉर्ज: ग्वादलूपमध्ये जन्मलेले, गुलाम आईचे पुत्र, संगीतकार आणि युरोपातल्या अव्वल तलवारबाजांपैकी एक, वय ४१. दुसरीकडे शेव्हालिए द’एऑं: पंधराव्या लुईच्या गुप्त राजनयातले हेर, वय ५८, अंगात स्त्रीचा काळा पोशाख. जिंकले द’एऑं. इंग्लंडवर चढाई करण्याच्या फ्रेंच योजनेचे कागद द’एऑंनी वर्षानुवर्षं स्वतःजवळ दाबून ठेवले होते. राजानं पेन्शन दिली ती त्या कागदांच्या धाकानं. प्रदर्शनी लढतीत उतरलेली व्यक्ती आणि तिच्या पेटीतले कागद, कथानक इथेच तयार आहे.

कोरा_कागद

जार्नाकचं ठाऊक नव्हतं. सामग्रीच्या यादीचा वाद नक्की घेतो. पण जादूचं काय? माझ्या मनात एक ‘साक्षीखडा’ होता. दोन्ही खेळाडूंच्या छातीवर खडा, वार लागला की उजळतो. मग पंचमंडळाची गरज राहत नाही ना?

तार_आणि_टोक

राहते, आणि खडा ठेवलात तर आधी एक गोष्ट ठरवा: खडा बिघडला की काय होतं? सगळं कारस्थान तिथून निघेल.

विजेच्या शस्त्रांत दोन उलटे स्वभाव आहेत. फॉइलचा परिपथ (सर्किट) एरवी जोडलेला असतो. टोक दाबलं की तुटतो आणि दिवा लागतो. म्हणून फॉइलची तार कुठे अर्धवट तुटलेली असेल तर वार न लागताच पांढरा दिवा लागतो, खेळ थांबतो, सगळ्यांना बिघाड कळतो. इपीचा परिपथ एरवी उघडा. टोक दाबलं की जोडला जातो. तिथे तार तुटली तर वार लागूनही दिवा लागत नाही. बिघाड गुपचूप राहतो. नायिकेनं तीन स्वच्छ वार करूनही खडा गप्प, आणि लोकांना वाटतं तिचे वार चुकले. घातपातासाठी दुसरा प्रकार सरस. त्यातही तार पूर्ण कापू नका, नाहीतर पहिल्याच चाचणीत पकडली जाईल. हात ताणल्यावरच तुटणारी आणि कोपर वाकवल्यावर जुळणारी तार ही खरी डोकेदुखी. चाचणीला खेळाडू हात वाकवून उभा असतो, तेव्हा सगळं ठीक दिसतं.

उलट्या बाजूचं उदाहरण खरं घडलेलं आहे. १९७६, मॉन्ट्रिऑल ऑलिंपिक, मॉडर्न पेंटॅथलॉन (पाच खेळांची स्पर्धा, त्यात एक फेन्सिंग). सोव्हिएत संघाच्या बोरिस ओनिश्चेन्कोच्या इपीच्या मुठीत लपवलेला खटका होता. दाबला की परिपथ जुळतो आणि वार न लागता दिवा पेटतो. ब्रिटनच्या जिम फॉक्सशी लढताना फॉक्स पुरता मागे सरलेला, टोक कुठेही टेकलेलं नाही, तरी दिवा लागला. तक्रार झाली, शस्त्र उघडून पाहिलं, ओनिश्चेन्को बाद. सांघिक स्पर्धेतून सोव्हिएत संघही बाहेर गेला आणि सुवर्ण ब्रिटनला मिळालं. पकडला गेला तो यंत्रामुळे नाही, समोरच्या खेळाडूला आपल्या अंगाचं अंतर पक्कं ठाऊक होतं म्हणून. तुमच्या नायिकेलाही फसवणूक अशीच कळू द्या. जादू ओळखणारी जादू वगैरे आणू नका.

शस्त्रतपासणीही लिहा. इपीच्या टोकावर ७५० ग्रॅमचं वजन ठेवतात. टोकाच्या स्प्रिंगनं ते वर उचललं पाहिजे. फॉइलला ५०० ग्रॅम. इपीत आणखी दोन पट्ट्या: दीड मिलिमीटरची पट्टी टोकाच्या फटीत सरकली पाहिजे आणि अर्ध्या मिलिमीटरची पट्टी ठेवून दाबलं तर दिवा लागता कामा नये. पंच हे प्रत्येक लढतीआधी पिस्टवर तपासतो. मास्क आणि बाकीचं सामान आदल्या दिवशी तपासून त्यावर शिक्का मारतात. मास्कची जाळी १२ किलोच्या दाबानं टोचून बघतात. खेळाडूला किमान दोन चालू शस्त्रं घेऊन पिस्टवर यावं लागतं. दुसरं नसेल तर दंडाचं कार्ड. म्हणजे घातपात करणाऱ्यानं दोन्ही शस्त्रं बिघडवायला हवीत, नाहीतर नायिका शस्त्र बदलेल आणि तो उघडा पडेल.

खडू_फळा

सोळा वर्षांच्या प्रश्नाला अजून कोणी हात लावलेला नाही. क्युबाचा रामोन फोन्स्ट १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इपीचा विजेता झाला तेव्हा सोळा वर्षांचा होता. इटलीचा नेदो नादी १९१२ मध्ये फॉइलचं सुवर्ण जिंकताना अठराचा. तेव्हा वय अडचण नाही. आणि वरच्या हिशेबात अठ्ठावन्न वर्षांचे द’एऑं आहेतच.

मात्र कुठे जिंकेल आणि कुठे हरेल हे नेमकं दाखवा. फेन्सिंगमध्ये वजनगट नसतात. उंच माणसाचा लंज (पाऊल पुढे टाकत हात लांबवून केलेला वार) लांब जातो, आणि तिसऱ्या टप्प्यात मांड्या भरून आल्यावर प्रौढ खेळाडू संयमानं खेळतो, पोरं घाईला येतात. तिची कमाई मनगटावर. इपीच्या मुठीपुढच्या, हात झाकणाऱ्या वाटीचा व्यास जास्तीत जास्त साडेतेरा सेंमी. हात सरळ तिच्यामागे असेल तर लागायला जागा नाही. पण ताकदवान माणूस जोरात हल्ला करताना कोपर बाहेर काढतो किंवा मूठ वर उचलतो, आणि चार बोटं बाही उघडी पडते. तिनं पाऊल पुढे टाकायचं नाही, उलट अर्धं पाऊल मागे घेत हात लांबवायचा. तो स्वतःच टोकावर चालत येतो. त्यासाठी जोर लागत नाही, अंतराचं भान लागतं. लहान चणीच्या खेळाडूला मोठ्या तलवारीचा धडाका देण्यापेक्षा हे शंभर पटीनं पटतं.

पट्टेकरीण

सगळं फ्रान्सच? कोल्हापूरच्या आखाड्यांतले मर्दानी खेळ आहेत ना. राज्य काल्पनिकच आहे तर दांडपट्टा का नको? महाराष्ट्राचं राज्यशस्त्र आहे तो.

दुसरी_पॅरी

पट्टा जरूर घ्या, पण त्यावर फेन्सिंगचे नियम चिकटवू नका. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीत आडवी असते आणि खोबण कोपरापर्यंत हाताला बसते. मनगट वळतच नाही. फॉइलमध्ये चौथी आणि सहावी पॅरी बोटं-मनगटानं होते, तलवार जेमतेम दहा-पंधरा सेंमी हलते आणि लगेच उलटवार निघतो. पट्ट्यात गती खांद्यातून, कमरेतून आणि पायांच्या गिरक्यांतून येते, पातं लवचीक, अडवून मग मारणं हा त्याचा स्वभाव नाही, सतत फिरतं ठेवून जवळ येऊ न देणं हा आहे. चौदा मीटरच्या अरुंद पट्टीत त्याला जागा कुठली? त्याला गोल आखाडा लागतो.

पट्टेकरीण

मनगटाचं बरोबर. मग गुणांच्या खेळासाठी फरी-गदगा बघा. गदगा म्हणजे चामड्यानं मढवलेली काठी, फरी म्हणजे छोटी ढाल. सरावासाठीच बनलेली जोडी, त्यामुळे जिवावर न बेतणारी लढत आपोआप जमते. पंचमंडळ, दीड मत, सामग्रीची यादी, सगळं तिथे बसेल. फरी जड करणं किंवा गदग्यातली काठी बदलणं हाही डाव होऊ शकतो. गदग्याचं चामडं उसवून आत शिसं भरलं तर वजनाचा तोल टोकाकडे जातो. खेळणाऱ्याला पहिल्याच फिरवण्यात कळेल, पण बाहेरून दिसणार नाही. तेव्हा तपासणीत नुसतं वजन नको, बोटावर तोलून बघायची पद्धत ठेवा.

कोरा_कागद

फरी-गदगा खालच्या वस्तीतला खेळ आणि टोकाची तलवार दरबारातला, असे दोन्ही ठेवतो. नायिका पहिल्यातून दुसऱ्यात येते. सवयी आडव्या येतील ना?

दुसरी_पॅरी

येतील आणि त्याच दाखवा. ढालीच्या हाताची सवय असलेली व्यक्ती डावा हात पुढे आणते. फेन्सिंगमध्ये रिकाम्या हातानं अंग झाकणं किंवा पातं धरणं हा गुन्हा आहे, कार्ड मिळतं. काठीची सवय म्हणजे वार खांद्यातून. लंजमध्ये आधी हात लांब व्हायला हवा, मग पुढचा पाय टाचेवर पडावा, मागचा गुडघा सरळ. तिचं उलटं होईल: पाय आधी, हात मागून. समोरच्याला तेवढ्या वेळात पॅरी घेता येते. तिचा फायदा बाजूला सरकण्यात. दरबारातले खेळाडू सरळ रेषेत शिकलेले, त्यांना कोन बदलणारी माणसं आवडत नाहीत.

खडू_फळा

स्पर्धेच्या रचनेकडे कोणीच वळलं नाही. लढतीपेक्षा जास्त डाव सोडतीत होतात. सात जणांच्या गटात २१ लढती. क्रमवारी आधी जिंकलेल्या लढतींच्या प्रमाणावर, मग केलेल्या आणि खाल्लेल्या गुणांच्या फरकावर, त्यानंतर केलेल्या गुणांवर. त्यावरून बाद फेरीचा तक्ता. म्हणजे गटातली शेवटची लढत ५-४ जिंकण्याऐवजी ४-५ हरून एखादा हुशार खेळाडू तक्त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात जाऊ शकतो, जिथे त्याला भारी पडणारा खेळाडू नाही.

यावरचा एक उपाय खऱ्या नियमांत आहे. एकाच देशाचे दोन खेळाडू एका गटात असतील तर त्यांची आपसातली लढत आधी लावतात. गणित उलगडल्यावर एकानं दुसऱ्याला गुण बहाल करू नयेत म्हणून. तुमच्या राज्यात ‘एकाच घराण्याचे आधी लढतील’ असा नियम ठेवा. मग चुलत्याला आपला माणूस दुसऱ्या घराण्याच्या नावानं उतरवावा लागेल. दत्तक, मानलेला मुलगा, घाईत लावलेलं लग्न. नोंदवहीतल्या एका नावावरून गुपित फुटतं, तलवार उपसावी लागत नाही.

जुनी_बखर

वेळेवरूनही खेळता येतं. लंडन ऑलिंपिक २०१२, महिलांची इपी उपांत्य फेरी. शिन ए-लाम आणि ब्रिटा हाइडमन ५-५. बरोबरी झाली की एक मिनिट वाढीव, त्याआधी चिठ्ठीनं एकीला प्राधान्य. त्या मिनिटात कोणीच गुण केला नाही तर ती जिंकते. प्राधान्य शिनकडे होतं. घड्याळात एक सेकंद उरलं आणि त्या एका सेकंदात खेळ पुन्हा पुन्हा सुरू झाला, कारण घड्याळ पूर्ण सेकंदच दाखवायचं. शेवटी हाइडमननं गुण केला. शिन पिस्टवर सुमारे तासभर बसून राहिली. उतरली असती तर निकाल मान्य झाला असता. तुमच्याकडे वाळूचं घड्याळ असेल. ते थांबवायचं तर आडवं करावं लागतं, आणि आडवं करणाऱ्याचा हात किती चपळ यावर राज्य फिरतं.

पिस्टवरचा_पंच

सलामीचाही उपयोग करा. लढतीआधी आणि नंतर तलवारीनं सलामी सक्तीची, ती नाकारली तर हकालपट्टी. २०२३ मध्ये मिलानच्या जागतिक स्पर्धेत युक्रेनच्या ओल्हा खार्लाननं हरवलेल्या रशियन खेळाडूशी हात मिळवला नाही, तलवार पुढे करून सलामी दिली. तिला बाद केलं. ओरड झाल्यावर हस्तांदोलनाची सक्ती काढली. जिंकलेली नायिका चुलत्याच्या माणसाला सलामी देते की नाही, यावर प्रकरणभर ताण उभा राहतो, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही.

लिहिण्याबद्दल एक. पंधराच्या पंधरा गुणांचं वर्णन करू नका. चार पुरेत: पहिला, ज्यात एकमेकांचं अंतर जोखतात; मधला एखादा, ज्यात कोणाचा तरी डाव उघडा पडतो; १३-१३ च्या आसपासचा, जिथे पंचावर शंका येते; आणि शेवटचा. बाकी गुणफलकावरून सांगा. इपीतला एक झटका दोन-तीन सेकंदांचा असतो. त्याच्या आधीचं अर्धं मिनिट पावलांच्या फसव्या हालचालींत जातं. लिहिताना उलटं होतं, झटका पानभर आणि पावलं एका ओळीत. मध्यंतराच्या मिनिटात प्रशिक्षकाला बोलता येतं, तिथे दरबाराची बातमी पोचवा.

कोरा_कागद

शेवटचं विचारतो. अपघाती मृत्यू दाखवायचा झाला तर कशानं? आणि तो कट वाटावा की नाही?

तार_आणि_टोक

मोडलेल्या पात्यानं. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्ह फॉइल खेळत होते. पश्चिम जर्मनीच्या माथियास बेअर यांचं पातं मोडलं आणि मोडकं टोक मास्कच्या जाळीतून आत गेलं. स्मिर्नोव्ह काही दिवसांनी वारले. त्यानंतर मास्क, कपडे आणि पोलाद यांचे निकष कडक झाले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आता ८०० न्यूटन दाब सोसणारे कपडे आणि १६०० न्यूटनचा मास्कचा गळपट्टा लागतो. पात्याला मॅरेजिंग नावाचं खास पोलाद वापरतात, कारण त्यात चीर हळू वाढते. ते मोडलं तर बोथट मोडतं असा समज आहे, तो चुकीचा. मोडकं टोक तितकंच धारदार असतं.

तुमच्या राज्यात हे निकष नाहीत. तेव्हा पाती वापरून वापरून थकतात, वारंवार वाकण्याच्या जागी केसासारखी चीर पडते. दर लढतीनंतर पातं वाकवून, बोट फिरवून चीर बघायची जबाबदारी शस्त्रागारातल्या एका माणसाची. त्यानं ती चीर पाहिली होती आणि पातं तरीही रांगेत ठेवलं, की दिवे मंद असल्यानं त्याला दिसलीच नाही, एवढा एकच प्रश्न कट आणि अपघात यांच्यामध्ये ठेवा. पात्यांवर क्रमांक आणि नोंदवहीत तपासणाऱ्याची सही असू द्या. चौकशी त्या वहीपासून सुरू करता येईल, आणि राणीच्या माणसांना आधी ती वही गाठावी लागेल.